कंपनीचा दावा आणि नंदगडचा रुमाल

पतसंस्थांची दप्तरं तपासताना मला एक सवय लागली आहे. दोन मोठी खाती एकमेकांवर येणं दाखवत असतात. संचालकाच्या भावाची पेढी म्हणते, संस्थेकडून एवढं येणं आहे. संस्था म्हणते, पेढीकडूनच आमचं तेवढं येणं आहे. वर्षानुवर्षं पत्रं जातात, पत्रं येतात. अशा वेळी मी त्या भांडणात आधी शिरतच नाही. ठेवीदारांची खतावणी मागवते आणि मधल्या काळात त्यांच्या व्याजातून काय गेलं ते पाहते. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हिशेबाची कामं करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि दरवेळी खरी गोष्ट त्या खतावणीतच सापडली.

यंदा मार्चअखेरची धावपळ संपल्यावर मी वाचायला घेतलं ते ईस्ट इंडिया कंपनी आणि तिचं इंग्लंडमधलं सरकार यांच्यातल्या देण्याघेण्याचं प्रकरण. पार्लमेंटच्या समित्यांचे जुने अहवाल आता घरबसल्या वाचता येतात. रात्री जेवणं आटोपली की मी ते उघडून बसत होते. शाळेत आम्हाला कंपनी शिकवली ती प्लासी, तैनाती फौज, खालसा धोरण अशी. कंपनी आपल्याच सरकारकडे बिलं पाठवत होती, सरकार ती नाकारत होतं, उलट कंपनीवर मागणी लावत होतं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या बाईला तर हाच भाग आधी दाखवायला हवा होता.

सुरुवात कर्जापासून होते. १६९८ मध्ये सरकारला पैसा हवा होता. एका नव्या कंपनीनं सरकारला वीस लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले आणि त्या बदल्यात व्यापाराचा हक्क मिळवला. जुनी आणि नवी कंपनी एक झाली तेव्हा आणखी बारा लाख दिले. १७४४ मध्ये सनदेची मुदत वाढवून घेताना आणखी दहा लाख. असे एकूण ४२ लाख पौंड सरकारकडे कंपनीचे येणे झाले. म्हणजे आपण ज्याला कंपनीचं भांडवल म्हणतो, त्यातला मोठा भाग मालात, जहाजांत नव्हताच, तो सरकारच्या अंगावर होता. भागधारक कंपनीला पैसे देत, कंपनी ते सरकारला देई, सरकार युद्धात घाली आणि बदल्यात मक्तेदारीचा कागद देई. सनद ही राजाची मेहेरबानी म्हणून सांगतात. हिशेबाच्या दृष्टीनं ती विकत घेतलेली वस्तू होती आणि दर मुदतीला तिची किंमत नव्यानं ठरत होती.

मग १७६५ मध्ये बंगालची दिवाणी हाती आली आणि सगळं पालटलं. बंगालचा सारा कंपनी वसूल करू लागली. लंडनमध्ये लगेच प्रश्न उठला: हा मुलूख कुणाचा? भागधारकांचा की राजाचा? यावर कायद्याचा निकाल लागलाच नाही. त्याऐवजी १७६७ मध्ये सौदा झाला. कंपनीनं सरकारला दरसाल चार लाख पौंड द्यायचे आणि सरकारनं तो प्रश्न बाजूला ठेवायचा. पाच वर्षांत कंपनीचीच तिजोरी रिती झाली. लाभांश फुगवून वाटलेला, युद्धांचा खर्च, गोदामात पडून राहिलेला चहा, आणि तिकडे बंगालात १७७० चा दुष्काळ, ज्यात लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्या दुष्काळातही सारावसुलीचा ताण ढिला झाला नाही. १७७३ मध्ये सरकारनं कंपनीला चौदा लाख पौंड कर्ज दिलं, ४ टक्क्यांनी, आणि ते फिटेपर्यंत लाभांश ६ टक्क्यांच्या वर देऊ नका अशी अट घातली. काल कंपनी धनको होती, आज ऋणको झाली. बंगालचा शेतकरी दोन्ही वेळा खर्चाच्या बाजूला होता आणि त्याचं नाव कुठल्याच कराराच्या कागदावर नव्हतं.

यापुढचा भाग मी सर्वांत जास्त वेळ वाचला: लढायांची बिलं.

ब्रिटन युरोपात कुणाशी तरी लढत असे, स्पेनशी, फ्रान्सशी, हॉलंडशी. त्यांच्या पूर्वेकडच्या वसाहती घ्यायला फौज निघायची ती मद्रासहून, मुंबईहून, कलकत्त्याहून. १७६२ मध्ये मद्रासहून मोहीम गेली ती थेट फिलिपिन्समधल्या मनिलावर. १७९५-९६ मध्ये डचांकडून सिलोन घेतलं, मलाक्का घेतलं, मसाल्याची मोलुक्का बेटं घेतली. १८०१ मध्ये तर नेपोलियननं इजिप्तमध्ये सोडलेल्या फौजेविरुद्ध जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून सैन्य गेलं. तांबड्या समुद्रातल्या कोसेर बंदरात उतरून, वाळवंट तुडवत नाईलकाठी केना गावापर्यंत. त्यात मुंबई इलाख्यातल्या देशी पलटणीही होत्या. आपल्याकडच्या कुणा खेड्यातला शिपाई मुंबईत नाव नोंदवतो आणि फ्रेंचांशी लढायला इजिप्तच्या वाळवंटातून पाणी जपत चालतो. त्याचा पगार, त्याचं जहाज, त्याचा शिधा, सगळं आधी कंपनीच्या तिजोरीतून. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवरून सकाळी जाताना कवायतीच्या आरोळ्या कानावर येतात, तेव्हा ही नोंद मला हमखास आठवते.

कंपनीचं म्हणणं असं: या लढाया ब्रिटनच्या होत्या, आम्ही फक्त उचल दिली, ती परत करा, व्याजासकट. सिलोनवर तर तिची तक्रार आणखी रास्त होती. बेट घ्यायला कंपनीच्या मद्रासच्या फौजा गेल्या आणि १८०२ मध्ये ते राजानं स्वतःच्या ताब्यात वसाहत म्हणून घेतलं. मुलूख सरकारला, बिल कंपनीला.

सरकारचं उत्तरही तयार असे. तुमच्या व्यापाराचं रक्षण आमचं आरमार करतं, हिंदुस्थानात राजाच्या पलटणी आहेत, त्यांचा खर्च कुणी द्यायचा? १७८७ मध्ये हॉलंडशी युद्धाची हूल उठली तेव्हा चार पलटणी हिंदुस्थानसाठी उभ्या केल्या. युद्ध टळलं. कंपनीच्या संचालकांनी मग सांगितलं, आता या पलटणी आम्हाला नकोत, आम्ही पैसे देणार नाही. पंतप्रधान पिटनं १७८८ मध्ये कायदाच करून घेतला की संचालक तयार नसले तरी सरकारचं नियंत्रण मंडळ हा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून भागवायला लावू शकतं. १७९३ च्या सनदी कायद्यात सरकारनं स्वतःसाठी दरसाल पाच लाख पौंड लिहून घेतले. पुढे युद्धांनी शिल्लकच उरेना, त्यामुळे ती रक्कम सुरुवातीनंतर अडकली आणि सरकारच्या बाजूला येणे म्हणून उभी राहिली. आता दोन्ही पक्षांच्या हातात एकमेकांवर दाखवायला आकडे होते.

१८०८ मध्ये कंपनी पार्लमेंटपुढे पैशांसाठी उभी राहिली. समिती बसली. मनिलापासून इजिप्तपर्यंतची बिलं उघडली गेली. व्याज कुठल्या तारखेपासून, कुठला खर्च मोहिमेचा आणि कुठला नेहमीचा, पलटण लढायला गेली नसती तरी तिचा पगार द्यावा लागलाच असता मग तो मागता येतो का, असे प्रश्न. ही पानं वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले होते, कारण हे सगळे प्रश्न आमच्या धंद्यातले आहेत आणि तिथे ते नीट, सावकाश, कागद समोर ठेवून विचारले गेले. शेवटी पंधरा लाख पौंड कंपनीला द्यायचे ठरले. तरी तिची निकड भागली नाही. १८१२ मध्ये पुन्हा सरकारकडून पंचवीस लाखांचं कर्ज. पुढे दोन्ही बाजूंनी मिळून राहिलेले हिशेब मिटवले आणि १८२३ च्या कायद्यानं असं ठरलं की राजाच्या पलटणींच्या निवृत्त पगार-पेन्शनीपोटी दरसाल साठ हजार पौंड हिंदुस्थानच्या महसुलातून जातील.

हा काळ आपल्या मुलखाचाही आहे. १८१८ च्या मार्चमध्ये टॉमस मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला आणि १० एप्रिलला पेशव्यांच्या किल्लेदारानं किल्ला खाली केला. त्यानंतर हळूहळू खानापूरचं भात, गोकाकची ज्वारी, निपाणीकडची तंबाखू यांवरचा सारा कंपनीच्या वहीत जमा होऊ लागला. कित्तूरचं संस्थान १८२४ मध्ये वारसाच्या प्रश्नावरून घेतलं. राणी चन्नम्मानं आधी कंपनीची फौज परतवली, कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला, मग डिसेंबरात मोठी फौज आली. राणीचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला पुढे खानापूरजवळच्या नंदगडला फाशी दिलं. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण कंपनीला हे मुलूख का हवे होते याचं उत्तर फक्त शौर्याच्या गोष्टीत मिळत नाही. लंडनमध्ये दर काही वर्षांनी तिला आपला ताळेबंद दाखवावा लागत होता, आणि त्यात जमेची बाजू म्हणून दाखवायला तिच्याकडे हा साराच होता.

आता १८३३ कडे येते. माझ्या मते या सबंध प्रकरणात सर्वांत मोठा व्यवहार तो आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो एका ओळीत उरकतात: कंपनीचा व्यापार बंद झाला.

व्यापार बंद करायचा म्हणजे दुकान मोडायचं. दुकान मोडताना हिशेब करावा लागतो. कंपनीनं सांगितलं, ही गोदामं आमची, लंडनमधलं इंडिया हाऊस आमचं, माल आमचा, शिवाय मुलूख जिंकायला आमच्या व्यापाराचा पैसा वेळोवेळी खर्ची पडला, तो मुलखाकडून आम्हाला येणे. समोरच्यांनी सांगितलं, व्यापारच अनेक वर्षं मुलखाच्या साऱ्यावर चालला, हिंदुस्थानच्या पैशानं माल घ्यायचा आणि लंडनमध्ये विकायचा, तेव्हा ही मालमत्ता खरी कुणाची? हा प्रश्न तपासायचा तर व्यापाराचं खातं आणि राज्याचं खातं वेगळं काढावं लागलं असतं. ती दोन्ही खाती इतकी मिसळली होती की कुणाला ते काम करायची इच्छा नव्हती. तडजोड झाली.

तडजोड अशी. कंपनीनं आपली सगळी मालमत्ता राजाच्या हवाली करायची. बदल्यात भागधारकांना त्यांच्या साठ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे दरसाल ६,३०,००० पौंड, चाळीस वर्षं मिळत राहायचे. हे पैसे हिंदुस्थानच्या महसुलातून. चाळीस वर्षांनंतर, १८७४ मध्ये, शंभर पौंडांच्या भागाला दोनशे या भावानं सगळे भाग विकत घेता येतील. त्यासाठी वीस लाख पौंडांचा हमी निधी, तो चक्रवाढीनं वाढवायचा.

नीट बघा हं. हमी निधीचे वीस लाख कंपनीच्या व्यापारी मालमत्तेतून बाजूला काढले होते, हे मान्य करायला हवं. पण लाभांशाचं गणित घ्या. ६,३०,००० गुणिले ४० म्हणजे २ कोटी ५२ लाख पौंड. त्यावर शेवटी १ कोटी २० लाख. त्या काळी पौंडाला साधारण दहा रुपये धरा, म्हणजे दरसाल ६३ लाख रुपये. ज्या कंपनीचा व्यापार बंद झाला, जिनं धंद्याची जोखीम घेणं थांबवलं, तिच्या भागधारकाला साडेदहा टक्के ठरलेले. पाऊस पडो न पडो. बेळगाव-धारवाडच्या रयतेला साऱ्यात सूट हवी तर पीक किती आणे आलं ते पाहायला माणूस यायचा. लंडनच्या भागधारकाकडे असा कुणी यायचा नाही.

दोन पक्षांत भांडण असतं तेव्हा तडजोडीत दोघंही थोडं सोडतात. इथे दोघांनीही काही सोडलं नाही. कंपनीला पैसा मिळाला, सरकारला आपल्या खिशातून काही द्यावं लागलं नाही, रक्कम तिसऱ्याच्या नावे टाकली. तो तिसरा त्या खोलीत नव्हता. माझ्या कामात असा ठराव समोर आला असता, तर मी त्यावर सही केली नसती.

इथपर्यंत वाचून मी नंदगडला गेले होते, काकांकडे. वाचत होते ते तिथेही मोबाईलवर चालूच होतं. काकांनी विचारलं, "काय वाचालीस गे एवढं?"

"कंपनीचे हिशेब, काका. सरकारकडे तिचं काय काय येणं होतं त्याचे."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिनं आमचे तपासले. आता तू तिचे तपास." आणि आत जाऊन पत्र्याची ट्रंक ओढून आणली.

तो रुमाल मी लहानपणापासून बघत आले आहे, उघडलेला मात्र क्वचित. लाल कापड धुवून धुवून विटकरी झालेलं, त्यात कागदांची चळत, मधोमध दोऱ्याचा वळ उमटलेला. मोडीत लिहिलेले कागद. शाई तपकिरी पडलेली, कडेला कसर लागून जाळी झालेली, पण बोरूचा दाब अजून बोटाला लागतो. त्यातला एक कागद बाकीच्यांपेक्षा पातळ, निळसर झाकेचा, विलायती. बेळगावात मोडी वाचणारे एक गुरुजी आहेत, त्यांनी तो आम्हाला वाचून दिला. ओढ्याकाठच्या आमच्या जमिनीबद्दलचा तो फैसला होता. अस्सल सनद हजर केली नाही. नक्कल पुरी पडत नाही. सनद पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गेली असं सांगतात, त्यास पुरावा नाही. सबब पूर्ण सारा बसवावा.

हे इनाम कमिशनचं काम, म्हणजे साऱ्याची सूट असलेल्या जमिनींचे हक्क तपासणाऱ्या कचेरीचं. ते आपल्याच भागात सुरू झालं. १८४३ पासून दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाड-बेळगावकडे, इनामांची चौकशी करायला अधिकारी नेमले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानं त्याला पुरतं बळ दिलं. इनाम कुणी दिलं, देणाऱ्याला द्यायचा अधिकार होता का, सनद अस्सल आहे का, इंग्रजी अंमल यायच्या आधी साठ वर्षांची वहिवाट दाखवता येते का, दत्तक असेल तर त्याला मान्यता होती का. निर्णय कंपनीचे अधिकारी देणार, अपील कंपनीच्या सरकारकडे, दिवाणी न्यायालयात जायचं नाही. मुंबई इलाख्यात काही वर्षांत हजारो इनामं अशी गेली. २०,००० च्या आसपासचा आकडा इतिहासकार देतात.

आता हे दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवते. १८३३ चा लंडनमधला आणि १८५० च्या दशकातला नंदगडचा. लंडनमध्ये कंपनी दावेदार आहे. तिची खाती मिसळलेली आहेत, व्यापाराचा पैसा कुठला आणि साऱ्याचा कुठला हे तिला सिद्ध करता येत नाही, तरी तिच्याकडून पुरावा मागून तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. शंकेचा फायदा तिला दिला, चाळीस वर्षांसाठी. नंदगडमध्ये तीच कंपनी न्यायाधीश आहे. समोरचा सांगतो, धामधुमीत कागद गेला, पण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कसतोय, गावाला विचारा. त्याला शंकेचा फायदा नाही. त्याच्या तुकड्यावर बसलेला पूर्ण सारा ज्या महसुलात जमा झाला, त्याच महसुलातून तो ६,३०,००० चा लाभांश गेला. माझ्या पणजोबांच्या वडिलांनी भरलेल्या रुपयाचा कुठला तुकडा कुठल्या भागधारकाच्या हातात पडला ते दाखवता येणार नाही. पण खातं एकच होतं.

हे दुःख फक्त आमच्या घरचं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. नरगुंदचे बाबासाहेब भावे मोठे संस्थानिक, त्यांचा दत्तकाचा अर्ज नामंजूर झाला. १८५८ च्या मे महिन्यात त्यांच्या माणसांनी सुरेबानला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मॅन्सन याला मारलं. हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनच्या कामात होता. बाबासाहेबांना पकडून बेळगावला आणलं आणि १२ जून १८५८ ला इथे फाशी दिलं. संस्थानिकाचा दावा असा संपत असेल, तर ओढ्याकाठच्या तुकड्याचं कोण ऐकणार?

कंपनीबद्दल एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं लिहायलाच हवी, नाहीतर माझा हिशेब एकतर्फी होईल. पहिलं अफगाण युद्ध, १८३९ ते ४२. ते ब्रिटनच्या मंत्रिमंडळाच्या धोरणानं झालं, रशियाच्या भीतीनं. खर्च दीड कोटी पौंडांच्या घरात गेला आणि तो हिंदुस्थानच्या नावे पडला. तेव्हा कंपनीच्या मंडळींनी आक्षेप घेतला की हे युद्ध हिंदुस्थानच्या हिताचं नव्हतं, ब्रिटननं यातला वाटा उचलावा. मागणी मान्य झाली नाही. पण म्हणणं बरोबर होतं, अगदी बरोबर. १८५६-५७ च्या इराणच्या लढाईत निम्मा खर्च इकडे टाकला, निम्मा ब्रिटननं घेतला. म्हणजे मागितलं तर काही तरी मिळत होतं.

म्हणूनच १८५८ मला जास्त बोचतं. १८५७ चं बंड मोडायचा खर्च, सुमारे चार कोटी पौंड, हिंदुस्थानच्या कर्जात जमा केला. कंपनीचं राज्य गेलं, पण तिचं कर्ज आणि तिचा लाभांश दोन्ही हिंदुस्थानच्या महसुलावर तसेच राहिले, कायद्यात लिहून. आणि स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना, सरकारकडे बिल पाठवणारा जो एक पक्ष होता, तोही उरला नाही. आता देणारं सरकार आणि घेणारं सरकार एकच. १८६७-६८ मध्ये अॅबिसिनियाच्या मोहिमेवर हिंदी पलटणी गेल्या, त्यांचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननं दिला. लंडनमध्ये त्यावर बोलणारे काही भले खासदार होते, पण हिशेब लावून मागणं मांडायला कंपनीकडे होतं तसं कचेरीचं बळ कुणाकडे नव्हतं.

ते काम मग माणसांनी हाती घेतलं. दादाभाई नौरोजींनी आकडे जमवले, बोलत राहिले. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चावर वेल्बी कमिशन बसलं, दादाभाई त्याचे सभासद होते, आणि १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले साक्ष द्यायला लंडनला गेले. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. गोखल्यांचं लहानपणचं शिक्षण कागलला झालं. निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल लागतं, आम्ही तिथून किती वेळा जातो. तिथल्या शाळेत शिकलेला मुलगा लंडनमध्ये कमिशनपुढे बसून लष्कराचा खर्च, सीमेवरच्या लढाया, होम चार्जेस म्हणजे हिंदुस्थानच्या नावे लंडनमध्ये होणारा खर्च, यांचं कलमवार गणित मांडतो, त्यांनी घातलेल्या आडव्या प्रश्नांना उत्तरं देतो. मला हे फार मोठं वाटतं. कंपनीनं जे स्वतःसाठी मागितलं होतं, ते पहिल्यांदा ज्याच्या नावे रक्कम टाकली गेली त्याच्या बाजूनं मागितलं जात होतं. कमिशननं १९०० मध्ये अहवाल दिला आणि काही खर्चांचा भार ब्रिटननं घ्यावा असं सुचवलं. मागितलं त्यापेक्षा ते फार कमी होतं.

त्याआधीच, १ जून १८७४ रोजी, कंपनी कायद्यानं विसर्जित झाली होती. भागधारकांना शंभराचे दोनशे मिळाले. १८३३ च्या कागदावर जे लिहिलं होतं ते अक्षरशः, तारीख न चुकवता पाळलं गेलं.

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरी या भागात कुणाच्या घरी असे रुमाल असतील तर माझी एक विनंती आहे. कागद फाटले म्हणून चिकटपट्टी लावू नका, डिंक काही वर्षांत कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. सावलीत, भरपूर उजेडात प्रत्येक पानाचा मोबाईलवर सरळ वरून फोटो काढा, मागची बाजूही, कारण तारीख आणि शेरे बऱ्याचदा मागे असतात. मोडी येत नसेल तरी काढा, वाचणारा पुढे भेटेल. त्यात 'इनाम कमिशन' किंवा 'फैसला' असं काही असलं, तर खाली लिहा किंवा मला कळवा. गुरुजी वाचून द्यायला तयार आहेत. गाव, साल, किती जमीन, काय कारण देऊन सारा बसवला, एवढं प्रत्येकाचं लिहून ठेवायचं, असं मी आणि काकांनी ठरवलं आहे. खानापूर तालुक्यापासून सुरुवात केली आहे.